तिसरा प्रकल्प माझा

मागच्या वर्षी कंपनीने माझ्यावर एक काम सोपवलं. तीन मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प तपासायचे आणि त्यांतला आपण कोणता घ्यावा ते अहवालात लिहून द्यायचं. तिन्ही एकाच भाषेत लिहिलेले आणि तिन्हींचं काम एकच: एकाच वेळी येणारी शेकडो कामं प्रोग्राममधल्या अनेक कामगारांना वाटून द्यायची, कुणाचा कुणाला धक्का न लागता. तिन्हींत जेनेरिक्स वापरलेलं, म्हणजे डबा एकच, त्यात ऑर्डर भरा नाहीतर फोटो भरा, डबा बदलावा लागत नाही.

तिसरा प्रकल्प माझा होता. कंपनीत कुणालाच ते ठाऊक नव्हतं. नोकरी आणि घर सांभाळून मी तो बरीच वर्षं जोपासला होता, इंटरनेटवर टोपणनावाने ठेवला होता, आणि वापरणारे अगदी मोजके होते. कंपनीने घेतला असता तर तो जगला असता. मला ते मनापासून हवं होतं, आणि तुलना करणारीही मीच होते.

मी पेडण्याला घरी बसून काम करते, साहेब पणजीत. दुपारी घरात सासूबाई आणि मी दोघीच, म्हणून त्यांना सांगितलं. त्या काजू सोलत होत्या.

"मगे तुझोच बरो म्हणान लिही गे," त्या म्हणाल्या. "बघूक कोण येतलो?"

सल्ल्यात काही खोट नव्हती. पण मला उजळ माथ्याने जिंकायचं होतं.

पहिला प्रकल्प वेगाला भारी. मात्र जेनेरिक्सचा असा सोस की साध्या फंक्शनवरही माहितीच्या प्रकारांची माळ, आणि एक चूक झाली की पानभर संदेश येतो, ज्यातून काडीचा बोध होत नाही. लिहिणारा हुशार असावा आणि ते आपल्या लक्षात यावं अशी त्याची इच्छाही असावी. दुसरा प्रकल्प रुक्ष. जेनेरिक्स लागलं तिथेच, बाकी सगळं सरळसोट. कामगार अडला की काम गपचूप रांगेत परत. त्याचं माहितीपत्रक वाचताना मला दोनदा डुलकी लागली.

माझ्या प्रकल्पात होती पाळ्यांची पद्धत. माझं माहेर डिचोलीजवळच्या एका गावात. तिथे श्रावणात देवळात सप्ताह असतो आणि त्या दिवसांत भजन थांबायचं नाही असा नेम आहे. घराघरांच्या पाळ्या लावलेल्या असतात. पुढच्या घरचे येऊन बसल्याशिवाय आधीच्यांनी उठायचं नाही. एखाद्या घरात सुतक आलं तर त्यांना देवळात जाता येत नाही, मग त्यांची पाळी शेजारचं घर घेतं. माझ्या प्रोग्राममध्येही तसंच. कामगार अडला की हातातलं काम शेजाऱ्याला देतो. मधे मुकादम नको की रांग नको. या युक्तीचा मला फार अभिमान होता.

साध्या चाचण्यांत माझा प्रकल्प वेगात थोडा मागे, पण कामांच्या क्रमात सगळ्यांत चोख. मी खुशीत होते. मग मला कठोर चाचणी सुचली: काम ऐन भरात असताना डेटाबेसची एक जोडणी तोडायची. पहिल्या दोघांवर ती मी मोठ्या उत्साहाने केली. पहिला आपटला आणि उठायला वेळ लावला. दुसरा जरासाच लंगडला. माझ्या प्रकल्पावर करायची वेळ आली तेव्हा मात्र मी चहा ठेवला, वाळत घातलेले कपडे काढले, आणि पाववाला पदेर आला तेव्हा उंडे पाव घ्यायला स्वतः दारात गेले. एरवी सासूबाई घेतात.

शेवटी केली. लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला. काम पुढे सरकेना, आणि काही बिघडलंय असंही कुठे दिसेना. शोधलं तर दोन कामगार एकच काम एकमेकांच्या हातात देत बसलेले: तू घे, नाही, तूच घे. शेजारी शेजारी असलेले दोघे एकाच जोडणीवर होते. जोडणी तुटली तेव्हा दोघेही अडले.

सुतक एका घराला येत नाही, भावबंदांच्या सगळ्या घरांना येतं. गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. ओळीने भावबंदांची घरं असली की पाळी सरळ पलीकडच्या वाड्यावर जाते. आमच्या शेजारी मात्र दुसऱ्या कुळाचं घर होतं. लहानपणी मी पाहिलं ते एवढंच, की शेजारी येतात आणि पाळी घेतात. तेच मी प्रोग्राममध्ये घातलं होतं, आणि सगळी रचना त्यावर उभी होती. ती एका दुपारात सुधारणारी नव्हती.

"तोंड कित्याक पडला गे तुझा?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्यापुढे सोललेले काजू सरकवले.

अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलं: तिसरा प्रकल्प माझा आहे, हे ध्यानात ठेवून वाचावं. शेवटच्या पानावर लिहिलं: दुसरा घ्यावा, तिसरा घेऊ नये. फार वाईट वाटलं. पाठवून टाकला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. आवाजात कौतुक होतं.

"इतके दिवस बोलला नाहीत? आपण तुमचाच घेतोय. वर कळवलंसुद्धा. घरचं माणूस, अडलं तर विचारायला बरं."

"सर, अहवाल पूर्ण वाचलात?"

"पहिलं पान वाचलं. पुढचं काय वाचायचं? तुमच्यावर विश्वास आहे."

पुढची पानं कुणी उघडणार नव्हतं. बिघाड मी हळूहळू काढलाही असता, बहुतेक. फोन स्पीकरवर होता, सासूबाई समोरून मान हलवून मला हो म्हणायला सांगत होत्या.

"शेवटचं पान वाचा, सर," मी म्हटलं. "तिसरा घेऊ नका. तो अडतो आणि अडलोय हे सांगत नाही."

"अहो, पण तो तुमचाच ना?"

"माझाच," मी म्हटलं, आणि दुसऱ्या प्रकल्पाचं नाव त्यांना नीट लिहून घ्यायला लावलं.