कराची किती तासांवर

कुठल्याही गावाचं अंतर सांगा, चाचा विचारायचे, "घोड्याला पाणी किती ठिकाणी पाजायचं?" भोर ते कापूरहोळ टांगा हाकणाऱ्या चाचांना मैल परके होते. असे टांगेवाले तुम्हीही पाहिले असतील.

मी तेव्हा, फाळणीच्या खूप आधी, भोरच्या शाळेत भूगोल शिकवत असे. चाचांचा एकुलता मुलगा कराचीच्या गोदीत कामाला होता. एकदा नकाशावर दोरा धरून मी त्यांना म्हणालो, "मुंबईपासून सरळ साडेपाचशे मैल. टपालाचं विमान सकाळी कराचीहून निघालं की दुपारी मुंबई. मध्ये फक्त अहमदाबादला उतरतं."

"मंग त्येला बी पाणी लागतंच की!" चाचा हसले. टांग्याच्या अड्ड्यावर सांगू लागले, "पोरगं आता अर्ध्या दिसावर हाय."

त्या विमानात टपालाच्या थैल्या असत आणि जागा उरलीच तर एखादा साहेब. हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. त्यांचा आनंद मोडवला नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर मला त्यांच्या डोळ्यांतला आदर हवा होता.

पुढच्या उन्हाळ्यात चाची अंथरुणाला खिळल्या. कराचीला तार गेली. संध्याकाळी उत्तर आलं : निघालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे चाची गेल्या. मोहल्ल्यातले वडीलधारे म्हणाले, "मय्यत ठेवू नये. ऊन चढायच्या आत माती देऊ."

"पोरगं काल निघालंय," चाचा म्हणाले. "दुपारपतुर येतंय. मास्तर, सांगा की ह्यांना."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी होकाराची मान हलवली.

दुपार टळली. अंगणात माणसं ताटकळली. एक म्हातारा चिडून म्हणाला, "मास्तर, तुमचं पाखरू कुठल्या झाडावर बसलं?" चाचा दर थोड्या वेळाने रस्त्यापर्यंत जाऊन येत. घरातून बायका निरोप पाठवू लागल्या, आता नका थांबू. शेवटी दिवस मावळता मावळता जनाजा उठला.

मुलगा तिसऱ्या दिवशी आला, आगगाडीने. विमानानं का नाही आलास, चाचांनी विचारलं.

"इमान?" तो बापाकडे बघतच राहिला. "अब्बा, आमाला कोण बसवतंय त्यात? कुणी सांगितलं तुमाला?"

मी दारातच उभा होतो. चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "कुणी न्हाई. माजीच समजूत चुकली."

मी दारातूनच परत फिरलो.

पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याच टांग्यातून कापूरहोळला जात होतो. प्रत्येक वेळी मनाशी शब्द जुळवून बसायचो. तेवढ्यात टांगा थांबायचा. "उतरा मास्तर, आलं." आवाजात राग नसे. पण पूर्वीसारखं त्यांनी मला काही विचारलं नाही.

एका दिवाळीच्या सुट्टीनंतर पुण्याहून परतलो, तर कापूरहोळला दुसराच टांगेवाला उभा होता. म्हणाला, "चाचा सकाळीच गेले."

मी त्याला घोडा पळवायला लावला. कबरस्तानात पोहोचलो तेव्हा लोक हात धूत होते. या वेळी ते कोणासाठीही थांबले नव्हते.