सटवाईचा कागद

आमच्या घरी देवाधर्माचं सगळं माझ्या हुकमानं चालतं. नातीच्या पाचवीलाही पाट्या-वरवंट्याची पूजा मीच मांडली आणि सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवला. पण खरं सांगते, हात जोडलेले असताना मनात शंका होती. सुनेचं पहिलं बाळ आठवड्यातच गेलं होतं. तेव्हाही पूजेत मी काही कमी केलं नव्हतं. या खेपेला तरी देवी नीट लिहील का, हा प्रश्न काही केल्या जात नव्हता.

नात मात्र गुणी. रडणं नाही, त्रास नाही, नुसती झोपून असायची. मी सुनेला कौतुकानं सांगायची, पोर अगदी शहाणी आहे. कुणाची नजर लागू नये म्हणून गावातल्या आशाताईला मी घरात येऊ देत नव्हते. ती दहा घरं फिरून येणार, बाळाला काट्याला टांगून वजन करणार, हे मला पटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा तिला ओसरीवरूनच वाटेला लावलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली. बाळ झोपलंय, उठल्यावर ये, असं मी तुटकपणे सांगितलं. दुसरी कोणी असती तर गेली असती. ही पिशवी मांडीवर घेऊन ओसरीवरच बसली.

"काकू, बाळ उठेपर्यंत बसतो मी इथंच," म्हणाली.

तासाभरानंही बाळ उठलं नाही. मग तिनं विचारलं, "शेवटचं दूध कवा पेली?"

मी सुनेकडे पाहिलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी. काल दुपारपासून पोरीनं तोंड लावलं नव्हतं आणि माझ्या धाकानं ती गप्प होती. आता मात्र मी दारातून बाजूला झाले.

आशाताईनं हात धुतले, नातीच्या तळपायाला टिचकी मारली. पोर जरा कण्हली, डोळे उघडले नाहीत. घड्याळ धरून तिनं श्वास मोजले, गार पडलेल्या बाळाला सुनेच्या उघड्या छातीशी बांधलं आणि गाडीला फोन केला. दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायची, तर तिच्याकडचे कागद संपलेले. पाचवीपासून देव्हाऱ्यात ठेवलेला कोरा कागद तिला दिसला. "हा घेऊ का?" म्हणाली. पूजेचा कागद! तरी मी होकाराची मान हलवली आणि ती देवीच्याच पेनानं लिहायला बसली.

मारेगावहून गाडी आली. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि बाळाला लगेच आत घेतलं. रक्तात जंतू गेले होते. बाहेरच्या बाकावर बसून मी देवीला एवढंच म्हटलं, आता तूच बघ, मला काही कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी हे कबूल केलं असेल.

बारा दिवसांनी नात घरी आली, रडत, सगळी गल्ली डोक्यावर घेत. मला ते रडणं आरतीसारखं वाटलं. कागद दवाखान्याच्या फायलीत राहिला, मी मागितला नाही. देवी कुणाच्या हातानं लिहिते हे मी पाहिलं होतं.

परवा आशाताई पुन्हा आली. ओसरीवरच बसायला लागली. मी तिचा हात धरून आत नेलं.

"झोपली हाय," मी म्हटलं, "उठव तिले."