गाऱ्हाण्यातले शब्द

वयनीच्या पडवीतला पोरांचा ओरडा माझ्या शेडपर्यंत यायचा, आणि मला तो सहन व्हायचा नाही.

माझी बालवाडी मच्छीमार सोसायटीच्या जाळी ठेवायच्या शेडमध्ये भरे. वडील हयातभर चळवळीत. घरात भाताच्या कणगीवरसुद्धा पत्रकांचे गठ्ठे असत, मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरूनच. वयनी म्हणजे गावातल्या मोठ्या दुकानदाराची सून. माझ्याच वयाची, दोडामार्गातून लग्न होऊन आलेली. कडक इस्त्रीची साडी, केसांत अबोलीचा वळेसर. दुपारी वेळ जात नाही म्हणून तिने बालवाडी काढली होती. वेळ जात नाही म्हणून! हे तिनेच मला हसत सांगितले.

गावात सरकारी अंगणवाडी एकच मंजूर होणार होती. तालुक्याच्या बाई येऊन दोन्ही वर्ग बघणार आणि पोरे जिथे शिकताना दिसतील तो ठेवणार. तो माझाच राहायला हवा होता. खाडीकाठच्या घराघरांत जाऊन, आयांशी भांडून मी ती पोरे आणली होती. आणि तीच आता गळू लागली.

"खंय गेली गो सगळी?" उरलेल्या एका मुलीला मी विचारले.

"वयनीकडे. थंय गाराणा घालतत. उद्या मीय जातलंय."

मी तडक वयनीच्या घरी गेले आणि कुडाच्या फटीतून पाहिले. आमच्याकडे देवळात गावाचा मानकरी देवापुढे गाऱ्हाणे घालतो. तो एकेक मागणी मांडतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. वयनी त्याच थाटात उभी होती. हातात पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर ठसठशीत एकच शब्द.

"ह्या पुठ्ठ्यार 'माड' लिवलेलो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पडवी दणाणली. पोरे धावत जाऊन परसातल्या माडाला हात लावून आली. मग 'होडी'. मग 'बांगडो'. पोरांना एक अक्षर सुटे येत नव्हते, पण शब्द अख्खा ओळखत होती, ओळखीचा माणूस लांबून चालीवरून ओळखावा तसा. माझी पोरे अजून 'ऐ ऐरणीचा'पाशी अडकली होती, आणि ऐरण त्यांतल्या एकानेही पाहिलेली नव्हती. 'लोकांना लोकांच्या बोलीत शिकवा' हे वडिलांच्या पत्रकातले वाक्य, तेही भारदस्त पुस्तकी मराठीत छापलेले. ते मला तोंडपाठ होते. तिने ते कधी वाचलेही नव्हते, आणि करत मात्र ती होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाई, चोरून कित्याक बगतास? येवा भुतूर!" तिने मला पाहिलेच.

"देवाच्या नावाने अक्षरओळख मला पटत नाही."

"देव खंय आसा हयसर? म्हाराज मीच! काय रे पोरांनो?"

"व्हय म्हाराजा!"

सगळी हसली. मी पाठ फिरवली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या शेडमध्येही गाऱ्हाणे सुरू झाले. पद्धत लोकांची आहे, तिच्या सासऱ्याच्या दुकानातली नाही, असे मी स्वतःला बजावले. 'म्हाराजा'ऐवजी 'साथी' म्हणायला लावून पाहिले, तर पोरे एकमेकांची तोंडे बघत बसली. मग 'म्हाराजा'च ठेवले. काही पोरे परतली. आमचा आवाज तिच्यापेक्षा मोठा होऊ लागला. तो तिला ऐकू जात असेल या विचारानेच मला बरे वाटे.

तालुक्याच्या बाई आधी माझ्याकडे आल्या. मी 'होडी' दाखवली, होडी म्हटले, शेड दुमदुमली. बाई खूश झाल्या. त्यांनी पुठ्ठे स्वतःच्या हातात घेतले, 'माड' वर धरला आणि म्हणाल्या, "यावर गाय लिहिलंय."

"व्हय म्हाराजा!"

"घोडा लिहिलाय?"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आता तुमच्या बाईंचं नाक लिहिलंय!"

"व्हय म्हाराजा!" पोरे जीव तोडून ओरडली. ती तरी काय करणार? आमच्याकडे गाऱ्हाण्याला कोणी नाही म्हणतच नाही. हे त्यांना कडेवर असल्यापासून ठाऊक.

मी तालुक्याच्या बाईंमागून वयनीकडे गेले. तिने 'बांगडो' धरून "म्हाराजा, ही होडी आसा!" म्हटले. सगळ्या पोरांनी दोन्ही हातांनी तोंडे दाबली. कोणी हसू आवरेना म्हणून लोळू लागले. एक पोरगी ओरडली, "खोटा गाराणा!" खोट्या शब्दाला तोंड दाबायचे, हा खेळ त्या दिवशी मी पाठ फिरवल्यानंतर झाला असणार.

अंगणवाडी तिची झाली.

"बाई, माज्यासोबत येवा," माझ्या शेडच्या दारातच ती म्हणाली. "माका गाणी येनत नाय. तुमका येतत."

"दुकानदाराच्या पडवीत मी पाय ठेवणार नाही."

"मगे परसात बसा. परसात माड आसा, दुकान नाय."

मी गेले. माझी पोरे तिथे होती, दुसरीकडे कुठे जाणार? आज मी तिची मदतनीस आहे. गाणी घेते, पुठ्ठे धरते. मघाशीच एका मुलीने पहिल्यांदा 'होडी' ओळखली. पुठ्ठा माझ्या हातात होता, ती माझ्या मांडीला टेकून बसली होती. शब्द ओळखला आणि शाबासकीसाठी तिने मान वळवली ती वयनीकडे.