गंजीत कुणी लपवला?

निजामाचं राज्य गेलं आणि हैदराबादेत उर्दूतून शिकलेला कायदा मी इंग्रजीतून नव्यानं वाचायला घेतला. धाराशिवच्या कोर्टात मी नवा वकील. पक्षकार कमी, रिकामा वेळ लई. राजद्रोह, बंड, गुन्हेगाराला आसरा ही प्रकरणं मी चवीनं वाचायचो. निजामाशी लढणाऱ्या ज्यांना काल आसरा देणं गुन्हा होता, त्यांचे आज गावोगाव सत्कार होत होते. मग आसरा देणाऱ्याचा गुन्हा गेला कुठं? असलं काही विचारलं की जुने वकील म्हणायचे, "आधी एखादी केस तर मिळू द्या!"

मिळाली. बेंबळीकडच्या एका शेतकऱ्यानं विहिरीवरच्या मोटेच्या पाळीवरून चुलतभावाच्या डोक्यात पहार घातली. भाऊ जागीच गेला, हा फरार. पुढं फौजदारानं घरामागची कडब्याची गंज उपसली, तर हा बहाद्दर आत! "कुणी लपवला?" म्हणून फौजदारानं त्याच्या बायकोवर डोळे वटारले. ती सासूसमोर परक्या पुरुषाशी बोलणारी नव्हती. घराच्या वतीनं बोलायचं ते सासूनं, म्हणून सासूच पुढं झाली. "तिला काय इचारता? घर माझं हाय. म्या लपवला."

झालं, म्हातारीवर खटला. जमानतीवर सुटून ती माझ्याकडं आली. मागं दाराशी पदर ओढून सून उभी.

आसऱ्याचं कलम मला पाठ होतं, तरी पुन्हा काढलं आणि शेवटचा अपवाद वाचून थक्क झालो. नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला लपवलं तर गुन्हा नाही. आईचा त्यात उल्लेखच नाही!

"मावशी," मी म्हणालो, "सुनेनं लपवला असता तर तिला कुणी हात लावला नसता. तुम्हाला मात्र सजा होईल. काय ते खरं सांगा."

म्हातारी भडकलीच. "हे कुठलं शाणपण? नऊ म्हैने पोटात म्या ठिवला, अन् लपवायचा हक्क हिला?"

मला हसू आवरेना.

तेवढ्यात दाराकडून बारीक आवाज आला. "आत्याबाईंला ठावंच नव्हतं, साहेब. त्या हिरी धुंडाळत व्हत्या, भाकरी म्याच नेऊन देत व्हते."

मी चाटच पडलो. लेक गंजीत बसलेला, आणि आई त्यानं जिवाचं बरंवाईट तर केलं नाही ना, म्हणून विहिरी धुंडाळत होती! तरी सुनेला बेड्या पडतील या भीतीनं तिनं न केलेला गुन्हा अंगावर घेतला. आता सुटका अवघड नव्हती. सुनेनं कोर्टात हेच सांगायचं. पण माझी जीभ चौकस, ती कसली गप्प बसते? "बाई, मग सासूबाईंना का नाही सांगितलंत?"

सासूनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "सांग की. मलाबी कळू दे."

"त्येच म्हनले," ती रडतच बोलली, "आईला सांगू नको. ती मला सोता चौकीवर नेऊन बसवंल."

म्हातारी आता हंबरडा फोडणार, असं मला वाटलं. ती उठली, सुनेचे डोळे आपल्या पदरानं पुसले आणि म्हणाली, "बराबर वळखलं त्यानं. नेलंच असतं."