सावलीत वाळवलेला पाला

धारूरच्या बाजारात चहाला बसलो की कुणीतरी म्हणतं, "आबा, बाईंचं सांगा की." एक सांगावं तर मागून दुसरं आठवतं.

बाई आमच्या कॉलेजातल्या लॅबच्या मुख्य. रानातल्या पाल्यात जीवनसत्त्व किती, हे या भागात पहिल्यांदा त्यांनीच शोधलं. मी लॅबचा शिपाई. शाळा चौथी. पण मला विचारल्याशिवाय त्या दारातून कुणी आत गेलेलं नाही!

*

उजेडानं जीवनसत्त्व मरतं, म्हणून खिडक्यांना काळे पडदे. एकदा कॉलेजातले मोठे साहेब आले.

"लाइट गेली का?"

"न्हाई साहेब. काम चालू हाय."

*

बाईंच्या डब्यात रोज शेवग्याचा पाला. एकदा त्यांनी मला तो चहात घालून दिला.

"कसा लागतो, आबा?"

"शेळीला इचारा."

त्या इतक्या हसल्या, की चष्मा खाली पडला. तो सारखाच पडायचा. दांडी सैल होती, आणि बाईंना सवड नव्हती.

*

ऊसतोडीला जाणारी जना लेकीला, सोनीला, घेऊन आली. दिवस कलला की सोनीला दिसायचं नाही. आईचा पदर सोडायची नाही. डॉक्टरांनी औषध दिलंच होतं. बाईंनी वर पाल्याची पावडर दिली. "रोज भाकरीत घाल. उन्हात ठेवू नको, सगळं वाया जाईल."

"बाई, फडात सावली कुटून आणू?"

त्या दिवशी बाईंचा डबा तसाच परत गेला.

*

मग उन्हाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या परतायची वेळ झाली. ट्रॅक्टर वाजला की बाई दारात.

"आपल्याकडचे का हो?"

"न्हाई. पुढं गेले."

एकदा मी चिडलो. "पोरगी तुमची हाय का जनाची?"

"खाल्लं असेल का हो तिनं?" एवढंच म्हणाल्या.

*

जना सोनीला घेऊन आली तेव्हा दिवस मावळत होता. पावडरचा डबा रिकामा, त्यावर जुन्या लुगड्याचं जाड कवच शिवलेलं. "मी उन्हात, ह्यो उसाच्या पाचटाखाली!" ती म्हणाली.

आत पडदे ओढलेले. जनाचा आवाज ऐकून बाई घाईनं वळल्या. चष्मा पडला. त्याही चाचपडू लागल्या, मीही गुडघ्यावर बसलो. हाताला काही लागेना.

सोनीनं आईचा पदर सोडला आणि ती सरळ टेबलाखाली शिरली.

"बाई, ह्यो बगा, हितं हाय तुमचा चष्मा!"

मी पडदा सारायला उठलो.

"राहू द्या, आबा," बाई म्हणाल्या. "अंधार राहू द्या थोडा वेळ."