कोल्ह्याची चौकशी

धाकटीने परवा फोनवर विचारलं, "आजी, एवढ्या शाळा सोडून आमच्यासाठी हीच का निवडली?" थोरलीला सगळं ठाऊक आहे, पण सांगता सांगता ती हसत सुटते आणि गोष्ट अर्धीच राहते. म्हणून लिहून ठेवते.

थोरलीला विलायतेतल्या तीन खासगी शाळा घ्यायला तयार होत्या. आठवड्याभरात एकीला होकार कळवायचा होता, नाहीतर तिचं वर्ष गेलं असतं. तुमच्या बाबांनी सांगून टाकलं, "आण्णा हो म्हणाले तरच मी सही करीन." आण्णा म्हणजे तुमचे आजोबा. मी तिन्ही शाळांची फाइल केली होती. आठ रकाने, प्रत्येक शाळेला वेगळ्या रंगाची शाई. आजोबांनी माहितीपुस्तकं उलटीपालटी केली आणि म्हणाले, "तिन्हीकडं पोरं हिरवळीवर बसून हसत्यात. अभ्यास कधी करत्यात?"

मग त्यांनी एकेक शाळा बाद केली. एक शहरात, तिथे मोटारी. दुसरी समुद्राकाठी, तिथे पाणी. तिसरीने मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं की शाळेभोवती दाट झाडी आहे.

"झाडी म्हंजे लपण," आजोबा म्हणाले. "तिथं काय फिरतं ते आधी इचार."

मी नवव्या रकान्याची रेघ ओढली आणि तिन्ही शाळांना ईमेलने पत्र पाठवलं: आपल्या आवारात कोणते वन्य प्राणी आढळतात? शहरातल्या शाळेने आग लागल्यास काय करावे याची पुस्तिका पाठवली. समुद्राकाठच्या शाळेने विम्याचे कागद पाठवले. झाडीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने स्वतः लिहिलं: एक कोल्हा आहे, थोडा लंगडतो, संध्याकाळी स्वयंपाकघराच्या मागे येतो.

"मंग ह्या बाईंशी बोलायचं," आजोबा म्हणाले.

गावी, कळंबच्या घरात, नेटवर्क फक्त गच्चीवर. दिवेलागणीला आम्ही तिथे खुर्च्या मांडल्या. फोन पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला. बाई पडद्यावर आल्या, नमस्कार झाले, आणि तेवढ्यात खालच्या उसाकडून फटाके वाजले. पाठोपाठ पत्र्याचे डबे.

बाईंनी विचारलं, "सण आहे का?"

"नाही," थोरली म्हणाली. "बिबट्या आहे. मादी आहे, दोन पिल्लं आहेत. ती आपली येते-जाते."

बाई पडद्याच्या आणखी जवळ आल्या. थोरलीला वाटलं, त्यांना नीट कळलं नाही. म्हणून तिने समजावलं की अंधार पडल्यावर आम्ही दोघं-दोघं मिळून बाहेर पडतो, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतो, आणि वनखात्याने पिंजराही लावला आहे, पण मादी त्याच्या शेजारून जाते.

आजोबांना आता राहवेना. त्यांनी फोन हातात घेतला. "बाई, ते बिबट्याचं ऱ्हाऊ द्या. तुमचा कोल्हा चावतो का?"

मी इंग्रजीत विचारलं. बाई म्हणाल्या, आजवर कोणाला चावला नाही. मग त्यांनी मला विचारलं, "ही मुलगी तुमच्याकडे सुरक्षित आहे ना?"

मी ते मराठीत सांगितल्यावर आजोबांनी फोन परत टाकीला टेकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेकडून एक फॉर्म आला. मुलगी सुट्टीत घरी जाईल तेव्हाच्या धोक्यांचा. मी तो व्यवस्थित भरला. धोका: बिबट्या. कितीदा: आठवड्यातून एकदा, ऊसतोडीच्या दिवसांत जास्त. केलेले उपाय: आजोबा.

आजोबांनी तो फॉर्म दोनदा वाचून घेतला. "बाकी दोन शाळांनी आपल्याला काय इचारलं?"

"काही नाही."

"ह्या बाईनी इचारलं. एकदाच बोलली पोरीशी, तर लगेच आमच्यावर डाफरायला लागली. हिच्याकडं पोर ठिवायला हरकत न्हाई." त्यांनी बाबांना फोन लावला. "कर सही."

निघताना थोरलीला त्यांनी एकच अट घातली, तिथेही अंधारात दोघींनी जायचं आणि गाणी लावायची. तिने ती पाळली. पहिल्या सहामाहीनंतर बाईंचं पत्र आलं. लिहिलं होतं, मुलगी छान रुळली आहे. वसतिगृहातल्या सगळ्या मुली आता जेवायला जोडीने जातात, मोठमोठ्याने मराठी गाणी लावून. कोल्हा मात्र महिनाभर दिसलेला नाही, स्वयंपाकी रोज त्याची वाट बघतात.

आजोबांनी पत्र घडी करून फाइलमध्ये ठेवायला दिलं. मी ते नवव्या रकान्यापाशी टाचलं.