सावड फेडायचे दोन दिवस

शेणव्याजवळच्या पाड्यावर वाळू नावाच्या शेतकऱ्याचं दीड एकर भात. घरात माणसं दोनच, तो आणि बायको बाईजा. बाईजाच्या छातीत गाठ निघाली तेव्हा कल्याणच्या इस्पितळात केमो सुरू झाली. केमो योजनेतून फुकट होती. दर केमोच्या दुसऱ्या दिवशी घ्यायचं, पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन मात्र पदरचं. साडेतीन हजार.

"मामा, आठव्या-दहाव्या दिवशी अंगात लढायला काही उरत नाही," सारिका सिस्टरने बजावलं होतं. "साधी जखमही जिवावर बेतते. ताप आला की गोळी देऊ नका, तडक इकडे आणा."

पहिल्या वेळी वाळूने शहापुरात बाईजाला इंजेक्शन टोचवलं. काही झालं नाही. दुसऱ्या वेळी पैसे जुळले नाहीत, टोचलं नाही. तेव्हाही काही झालं नाही. तिसऱ्या वेळी पैसे होते. त्यांचं खत आणलं.

आवणी, भाताची लावणी, आली. वाळूच्या शेतावर शेजारच्या गोदूच्या घरची चार माणसं एक दिवस राबून गेली. ती सावड फेडायची होती. सावड पैशाने फिटत नाही, हाताला हात द्यावा लागतो. म्हणजे दोघांचे दोन दिवस.

"तू नको येऊ," वाळू म्हणाला.

"नको कशी? गोदू वरीसभर टोमणं मारंल."

बांधावर गोदू हसलीच. "आली गो महाराणी! डोकं झाक, बगळा बसंल."

"बसू दे. केस नाय तर उवा बी नाय. तुझं तू बघ."

तो तिसऱ्या केमोनंतरचा नववा दिवस होता. चिखलात उभं राहून बाईजाच्या पायाच्या बोटांमधली कातडी फुटून चिखल्या झाल्या. दरवर्षी होतात. तिने तेल लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हुडहुडी भरली. वाळूने दुकानातली तापाची गोळी दिली, ताप उतरला आणि दोघं उरलेला दिवस फेडायला गेली.

तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर नव्हती.

इस्पितळात पाच दिवस काढले, योजनेबाहेरचं बिल शहाऐंशी हजार झालं. सहाव्या दिवशी बाईजा गेली. पायातलं विष रक्तात भिनलं, डॉक्टर म्हणाले. गाठ निम्म्याने आटली होती.

सारिका सिस्टर कागद भरत होती. "मामा, ते इंजेक्शन तिन्ही वेळा दिलं होतं ना?"

"दिलं," वाळू म्हणाला.

तिने तसं लिहून घेतलं.